सूर्यभानचा पहिला सण

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात सूर्यभान फुलांची टोपली घेऊन दारात आला. नांदगाव पेठेजवळ त्याची झेंडू-शेवंतीची वाडी. पंधरा वर्षं आमच्या देवाला फुलं त्याचीच. हार त्याची बायको सत्यभामा ओवायची. ती यंदा गणपती विसर्जनानंतर गेली. तेव्हापासून तो सुटी फुलंच आणतो.

"दसऱ्याले झेंडू किती, ताई?"

"द्या दोन किलो. तुमच्या घरी काय करता सणाले?"

"काय करतो! पोरगा पुण्याले. पहिला सण हाये, कढई कोन चढवीन? भाकर खाईन अन् पडून राहीन."

हसतच म्हणाला, पण मान वर केली नाही.

आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं, तिथे पहिल्या सणाला घरचे कढई चढवत नाहीत. नात्यातल्या नाहीतर शेजारच्या बाईने येऊन तळण काढलं, की दुखवटा फिटतो. नाहीतर घर तसंच सुतकी राहतं.

माझी दामिनी मोबाईलवर जुनी ग्रीक भाषा शिकते. चहाच्या वेळी मी तिला हे सांगितलं, तर तिने वहीतला एक शब्द दाखवला, पेरिलुपोस. लुपे म्हणजे दुःख, पेरि म्हणजे भोवती. चहूकडून दुःखाने वेढलेला. "अन् आई, बाई असो का माणूस, रूप एकच. वस्तूले तेवढं वेगळं, पेरिलुपोन."

"त्यात काय मोठं? आपलं दुःखीबी तसंच हाये."

"मंग लीलाबाईचा नवरा गेला तवा तिच्याकडे तुमी तिघी-तिघी कढई घेऊन धावल्या, अन् सूर्यभानकाकाकडे कोनीच नाही. काहून?"

सत्यभामेच्या तेराव्याला गेले होते मी. आत त्याच्या बहिणीजवळ बसून रडले. तो बाहेर ओट्यावर माणसांत बसला होता. येताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बाई गेली तर बायकांनाच भेटायचं, एवढंच डोक्यात. पांडुरंगा, चुकलंच.

लगेच फोन लावला. "सूर्यभान, दसऱ्याले मी अन् दामिनी येऊन राहिलो. तळण मी काढतो."

पलीकडे नाक ओढल्यासारखं झालं.

"कढई माळ्यावर हाये, ताई. घासून ठेवतो." मग चवळीच्या वड्यांचं विचारलं, "बरबटीचे वडे कराल? तिचे कडक व्हायचे. तरी म्या कधी म्हटलं नाही."

"आता म्हणता?"

"आता कोन मारते!" तो हसला, आणि हसता हसता मोकळा रडला. मी फोन ठेवला नाही.

आता राजापेठेत जाऊन बरबटीची डाळ आणायची आहे.