दवा घेऊन झोपली

आईला अर्धांगवायू झाल्यापासून माझी झोप उडाली होती. ती पुलगावजवळ नाचणगावला भावाकडे, मी वर्ध्याजवळ सावंगीला सासरी. अंथरुणाला पाठ टेकली की तीच डोळ्यांपुढे यायची. नणंदेनं तगर आणि जटामांसीच्या अर्काची बाटली आणून दिली. पाण्यात थोडे थेंब टाकून घ्यायचे. वास ओल्या मुळांचा, चव कडू. पण गुण आला. झोप लागायची, तीही साधी. कोणी हाक मारली की मोडणारी.

पुढे ती बाटली सासूबाईंच्या सोयीची झाली. मी माहेरी जायचं काढलं की म्हणायच्या, "डोकं तापलं तुयं. थेंब घे अन् झोप."

एके दिवशी संध्याकाळी नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते. सकाळपासून राबले, दुपारी थेंब घेऊन पडले. सासूबाईंनी एकदाच हाक मारली आणि मी उठले. उन्हं कलली होती.

"पाहुणे येऊन राह्यले. पोहे टाक."

पोहे केले, चहा केला, हसून वाढलं. मुलाच्या आईनं माझं कौतुकही केलं.

पाहुण्यांची गाडी वळली. कपबशा गोळा करता करता सासूबाई म्हणाल्या, "तुयी आई गेली. दुपारीच फोन आलता. म्याच उचलला."

"मले काऊन नाई उठवलं?"

"मंग पोहे कोणं केले असते?"

नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो मान खाली घालून गाडीची किल्ली शोधत राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ ओल्या कपड्यांनी अंगणात बसला होता. सगळं आटोपलं होतं.

"पहिला फोन केला तवा आई जित्ती होती," तो म्हणाला. "तुयी सासू म्हणे, दवा घेऊन झोपली, उठत नाई. आई दाराकडेच पाहून राह्यली होती."

मी खरं ते सांगितलं. "आता काईबी सांगता येते," वहिनी म्हणाली. भाऊ उठून आत गेला.

घरी येऊन मी बाटली मोरीत ओतली. "तुयंच नुकसान," सासूबाई म्हणाल्या.

नणंदेचं लग्न त्याच पाहुण्यांकडे ठरलं. मांडवात सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "आई गेली त्या दिवशीबी पोहे केले हिनं. लय गुणाची सून."

भाऊबीजेला मी नाचणगावला गेले. भाऊ पाटावर बसलाच नाही. ओवाळणीचं ताट पिशवीत घालून मी पुलगावच्या स्टँडवर आले आणि वर्ध्याची गाडी धरली.