एर्मालोचं पदक आणि सात जर्मन

राचाच्या डोंगराळ मुलखात घाई हा एक आजार समजतात. त्यामुळे १९४३ साली मंजूर झालेलं शौर्यपदक १९८५च्या एप्रिलात एर्मालो मेत्रेवेलीच्या दारात आलं, तेव्हा गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. शेजारचा वार्लाम एवढंच म्हणाला, "टपालात आपल्याकडचा माणूस असणार."

पदक घेऊन तालुक्याच्या लष्करी कचेरीतले मेजर लोमिद्झे स्वतः आले होते. युद्धात जखमी झालेले कितीतरी शिपाई इस्पितळातून बरे होऊन दुसऱ्याच पलटणीत गेले आणि त्यांची पदकं जुन्या पलटणीत पडून राहिली. ती नऊ मेच्या विजयदिनाआधी ज्याची त्याला पोचवा, असा वरून हुकूम होता. बाकीच्यांनी रडत, हसत पोचपावतीवर सह्या केल्या होत्या. मेजरांच्या यादीत आता एकटा एर्मालो उरला होता.

एर्मालो म्हणजे गावाचा आचारी. लग्न असो की मयत, तांब्याचं मोठं पातेलं चुलीवर चढायचं ते त्याच्याच हातानं. सत्तरीला टेकलेला, डाव्या पायानं थोडा लंगडणारा, आणि मीठ कधीही न चाखता अचूक घालणारा.

अक्रोडाखाली टेबल मांडलं होतं. मेजरांनी टोपी सरळ केली आणि प्रशस्तिपत्र वाचायला सुरुवात केली. "शिपाई मेत्रेवेली यांनी द्नीपर नदीकाठी शत्रूच्या खंदकात एकट्यानं घुसून हातबॉम्बनं सात जर्मन ठार केले..."

"कुणी?" एर्मालोनं विचारलं.

"तुम्ही, काका."

"छे. मी लापशी नेत होतो."

गावाला ही लापशी तोंडपाठ होती. पाठीवर जवाच्या लापशीचा डबा बांधून एर्मालो पुढच्या खंदकाकडे रांगत होता. डब्याला गोळ्या लागल्या, एक त्याच्या मांडीत शिरली. पाठीवरून गरम गरम काहीतरी ओघळू लागलं. आपण मेलो, असं त्यानं ठरवूनच टाकलं. मग हात लावून चाटून पाहिलं, तर लापशी. तेव्हा टोपी फाडून तिचे बोळे डब्याच्या भोकांत कोंबले आणि तसाच पुढे गेला. कुठल्याही मेजवानीत शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "एर्मालो, लापशी होऊ दे!"

"काका, लापशीला पदक नसतं," मेजर समजावत म्हणाले. "पलटणीच्या कारकुनानं तुमच्या भल्यासाठीच हे लिहिलं असणार. सही करा."

"नाही करत."

"अरे माणसा!" त्याची बायको बाबुत्सा स्वयंपाकघरातून कडाडली. "एकदा कुणी तुला शूर म्हणतंय, तर म्हणू दे की! मी कधी म्हणणार नाही."

एर्मालो हसला नाही. त्यानं टेबलावरचा कागद बोटानं मेजरांकडे सरकवला. "लेका, पुढच्या खंदकातली ती तेवीस माणसं दोन दिवस उपाशी होती. संध्याकाळपर्यंत त्यातली किती उरली, मला कुणी सांगितलं नाही. कित्येकांचं शेवटचं जेवण माझ्या हातचं झालं. आयुष्यात मी धड काही केलं असेल, तर तेवढंच. ते तुमच्या कागदावर नाही, आणि न मारलेले सात जर्मन आहेत. उद्या मी मेलो, तर गाव थडग्यावर हेच सात जर्मन कोरणार."

मेजरांनी कागद गोळा केले. मग निघायला उठले, पण पाहुण्यानं न जेवता निघणं त्या अंगणात शक्यच नव्हतं. बाबुत्सानं कोंबडी धरली आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "वार्लाम, सुरी घेऊन ये!"

मेजरांना कळेना. "अहो, घरात आचारी असताना शेजाऱ्याला कशाला बोलावता?"

"आचारी?" वार्लाम कुंपणावरून पाय टाकत म्हणाला. "तो बघा, चालला."

एर्मालो खरोखरच अंगणाच्या टोकाला मधमाश्यांच्या पेट्यांकडे निघाला होता. तिथं सगळ्यांकडे पाठ करून, दोन्ही कानांत बोटं घालून तो उभा राहिला.

"चाळीस वर्षं गावाला जेवू घालतोय," वार्लाम सुरी पुसत म्हणाला, "पण पिसं उपटून होईपर्यंत हा वीर समोर येत नाही. वासरू कापायचं असेल, तर त्या दिवशी डोंगरावर जातो."

मेजर आधी हसले, मग कानांत बोटं घालून उभ्या असलेल्या पाठमोऱ्या एर्मालोकडे बराच वेळ बघत राहिले.

जेवण झालं. कोंबडीचा लसणाचा रस्सा एर्मालोनंच केला होता. मेजरांनी भाकरीनं ताटली पुसून घेतली. वाइनचे प्याले उचलले गेले: मेलेल्यांसाठी, जिवंतांसाठी, मग बाबुत्सासाठी, कारण तिनं आठवण करून दिली. त्यानंतर मेजरांनी खिशातून पेन काढलं.

"प्रशस्तिपत्राला मला हात लावता येत नाही, काका. पण पोचपावतीवर खाली शेऱ्याची जागा आहे. तिथं आजवर कुणी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही." त्यांनी सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पदकधारकाच्या म्हणण्यानुसार त्यानं एकही जर्मन मारला नाही. जखमी अवस्थेत तेवीस सैनिकांना लापशी पोचवली. चौकशीअंती हे खरं वाटतं."

"चौकशी कधी केलीत?" बाबुत्सानं विचारलं.

"आत्ताच. कोंबडीच्या वेळी."

एर्मालोनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पेनही उचललं, आणि थांबला.

"आता काय राहिलं?" मेजर जवळजवळ ओरडलेच.

"गरम."

"काय?"

"लापशी गरम होती. नुसती पोचवली म्हटलं, तर कुणालाही वाटेल थंड झाली असेल. टोपी उगाच फाडली का मी?"

मेजरांनी मुकाट्यानं पेन परत घेतलं आणि 'लापशी' या शब्दाच्या डोक्यावर, ओळींच्या मधे, बारीक अक्षरात 'गरम' असं लिहिलं. मग एर्मालोनं हात कमरेला गुंडाळलेल्या एप्रनला पुसले आणि सही केली. तीही राचातल्या वेगानं.