सोनारीच्या रस्त्यावर ओल्या मेंढरांचा वास

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी वाचायचो ते निव्वळ करमणूक म्हणून. डेपोबाहेर टँकरची रांग लागलेली असते, नंबर यायला तीन-तीन तास जातात, माणूस करणार काय? घरी आलो की बायकोला, सारिकाला, त्यातलं एखादं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, या लोकांना पित्त झालेलं असतं, दुसरं काही नाही. आता मीच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्हीही खुशाल पित्त म्हणा, माझी तक्रार नाही.

मी पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. सोलापूरकडच्या डेपोत गाडी भरायची आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या पंपांवर खाली करायची — परांडा, भूम, वाशी, कधी कळंब. अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं या कामाला हात-पाय लागतात. हात-पाय सगळ्यांनाच असतात हो, या कामाला लागतं नाक. गाडी कुठं गळत असली तर डोळ्याआधी नाकाला कळतं. टाकीच्या कुठल्या कप्प्यात पेट्रोल आणि कुठल्या कप्प्यात डिझेल, हे कागदावर लिहिलेलं असतंच, पण जुना ड्रायव्हर व्हॉल्व्ह उघडण्याआधी एकदा वास घेतोच.

आणि माझं नाकच गेलं होतं.

यंदाच्या दिवाळीच्या चार महिने आधी आठवडाभर ताप आला. ताप उतरला तो वास सोबत घेऊनच. दूध करपलं तरी कळेना, अगरबत्ती नाकाशी धरली तरी कळेना. सारिका म्हणाली, मालकांना सांगा. मी म्हणालो, सांगतो. आणि सांगितलं नाही. आमचे मालक माणूस चांगला, पण वास न येणाऱ्याच्या हातात टँकरची किल्ली कोण देईल? मग मी एक पळवाट काढली. गाडीवरचे क्लीनर दगडूमामा साठीचे आहेत, त्यांचं नाक एकदम शाबूत. "मामा, बघा बरं जरा" म्हणायचं आणि त्यांच्या नाकावर काम भागवायचं. मामांना वाटायचं, पोरगा आपल्याला मान देतोय. याची लाज मला आजही वाटते.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मामा भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. मी एकटाच निघालो. परांडा मागं टाकून सोनारीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. पुढं दोनेक किलोमीटरवर रस्त्याकडेला एक मोठा वड आहे. त्याच्या सावलीला गाडी लावून डबा खायचा ही माझी नेहमीची सवय. भरलेला टँकर असा कुठंही लावायचा नसतो, हे मला माहीत आहे. पण रोज काही होत नाही म्हटल्यावर माणूस ढिला पडतो.

वडाच्या अलीकडचं वळण जवळ आलं होतं, काचा खाली होत्या. ऊन चांगलंच होतं. आणि अचानक मला वास आला.

चार महिने ज्या नाकाला फिनेल कळत नव्हतं, त्या नाकाला ओल्या मेंढरांचा वास आला! साधासुधा नाही, दाट... भिजलेली लोकर, लेंड्या आणि नदीचा गाळ. मी धनगराचा पोरगा, हा वास मला झोपेतही ओळखू येईल. आनंद व्हायलाही वेळ मिळाला नाही, कारण त्या वासाचा माझ्या लेखी एकच अर्थ — वळणापलीकडं रस्त्यात कळप आहे. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि खाली उतरलो.

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं तूर उभी. मेंढरू नाही, मेंढपाळ नाही, रस्त्यावर एक लेंडीसुद्धा नाही. पाणी तर कुठंच नाही. वास मात्र होता. तो गाडीच्या मागच्या अंगाला जास्त येत होता, म्हणून मी त्याच्या मागं मागं गेलो.

पेट्रोलच्या कप्प्याच्या पाइपातून धार लागली होती. जोडाची रबरी चकती फाटली असावी. खालची माती भिजून काळी झाली होती आणि आलो त्या रस्त्यावर लांबपर्यंत ओली रेघ होती. मी हात लावून बघितला, नाकाशी धरला. पेट्रोलचा वास शून्य. मेंढरांचा येत होता. मग तोही गेला... कुणी दार लावून घ्यावं तसा.

आतला मुख्य व्हॉल्व्ह दाबून बंद केला, खाली बादली लावली, आगीसाठी गाडीवर ठेवलेल्या वाळूच्या बादल्या भिजलेल्या मातीवर रिकाम्या केल्या. मालकांना फोन करायला गाडीपासून लांब चालत गेलो, तेवढी अक्कल शाबूत होती. चालता चालता वळण ओलांडलं आणि समोर तो वड दिसला.

वडाखाली दोन जीपा उभ्या होत्या. सोनारीच्या देवाला आलेली मंडळी. तीन दगडांच्या तीन चुली पेटलेल्या, बाया भाकऱ्या थापतायत, म्हातारी माणसं सतरंजीवर बसलीत. मी रोज जिथं गाडी लावतो, त्या जागेपासून चुली दहा पावलांवरही नव्हत्या. मालकांना फोन केला, पंपावरून माणसं पाठवा म्हटलं. मी तिथंच रस्त्याकडेला बसलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

पंपावरची माणसं आली, दुसरी चकती बसवली, संध्याकाळपर्यंत गाडी सुखरूप खाली झाली. घरी पोचलो, तरी तो वास काही डोक्यातून जाईना, म्हणून आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील. ते तेरला असतात, पन्नासएक मेंढरं आहेत. सोनारीच्या त्या रस्त्यापासून तेर ऐंशीच्या पुढं किलोमीटर. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं विचारलं, आज काय काम काढलं होतं?

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. आबा म्हणाले, सकाळपासून तेरणा नदीत उभा राहून मेंढरंच धुतोय. तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"दुपारच्याला तू हिकडं आला व्हतास का रं?"

मी म्हणालो, नाही, का?

"मेंढरं बुजली की. तू आल्यावर बुजत्यात, तशीच."

हे जरा सांगायला हवं. मी ड्युटीवरून थेट तेरला गेलो की कळप माझ्यापासून फाकतो. कपड्यांना तेलाचा वास असतो, तो मेंढरांना सोसत नाही. धनगराचा पोरगा असून मेंढरं जवळ येऊ देत नाहीत, यावरून आबा मला चारचौघांत चिडवतात.

"मलाबी त्यो तेलाचा वास आला," आबा म्हणाले. "म्या मागं बघून म्हणलं, आलास व्हय? तर काठावर कुणीच न्हाय."

किती वाजले होते, मी विचारलं. आबांकडं घड्याळ नाही, फोनही घरीच होता. म्हणाले, एकची एस्टी पुलावरून गेली, त्याच्या मागोमाग. मी फोनमध्ये बघितलं. मालकांना केलेला कॉल एक वाजून बारा मिनिटांचा होता.

मी डोकं लावायचं सोडलेलं नाही. नंतर डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, गेलेलं नाक परत यायला लागलं की खोटे वास येतात. मान्य! तेरणेकाठी कुणाचं तरी डिझेल इंजिन चालू असेल. तेही मान्य. एकेक घेतलं तर दोन्ही पटतं. पण दोन्ही एकाच वेळी, बरोबर गळतीच्याच वेळी... इथं माझं डोकं थांबतं. त्याच फोनवर आबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मालकाला खरं काय ते सांग. लपवू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं. मालक आधी भडकले, भडकायलाच हवं होतं. टँकरची किल्ली काढून घेतली. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, तोवर खडीचा टिप्पर चालव, औषध घे, आणि दर शनिवारी संध्याकाळी इथं यायचं.

शनिवारी ते माझे डोळे रुमालानं बांधायचे आणि दोन फडकी नाकाशी धरायचे, एक पेट्रोलचं, एक डिझेलचं. मी आपला "काहीच नाही" म्हणायचो. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला, चौथाही गेला. पाचव्या आठवड्यात सारिकानं मिरचीची फोडणी दिली आणि मला ठसका लागला. "जळतीय बघ," मी म्हणालो. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली आणि रडायला लागली. मिरची खरंच जळाली, पण त्या दिवशीची भाजी मी दोनदा मागून घेतली.

सातव्या शनिवारी रुमाल बांधला. मी सावकाश श्वास घेतला.

"उजवीकडं डिझेल," म्हणालो. "डावीकडं पेट्रोल. आणि मालक, तुम्ही लसणाची चटणी खाऊन आलाय."

मालकांनी रुमाल सोडला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. दगडूमामांना मी सगळं सांगून माफी मागितली. ते आठ दिवस फुगून बसले, आता बोलतात.

त्या दुपारचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन, हसणार नाही. चकती बदलून झाल्यावर मी त्याच रस्त्यानं गाडी पुढं नेली, तेव्हा वडाखालची मंडळी जेवून भांडी घासत होती. एका आजींनी मला हात केला, मीही केला. जीपा भरून ती माणसं आपापल्या घरी गेली असतील. त्यांना काहीच माहीत नाही.