बाकीआत्याचा आकडा

आमची आत्या भाकरी थापता थापता भागाकार करायची. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने आकडे मांडायची, झाले की पोतेऱ्याने पुसायची आणि पुटपुटायची, "बाकी राह्यलीच." म्हणून अकोटात आम्ही सगळी पोरं तिला बाकीआत्या म्हणायचो.

नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती आमच्याकडे आली. भावाचे घर हक्काचे, असे सगळे म्हणत. पण त्या हक्काच्या घरातून ती देवळाखेरीज कुठे गेलेली मी पाहिली नाही. तिला अमरावतीला जायचे होते, बायकांच्या ट्रेनिंगला. मास्तरीण झाली असती तर स्वतःच्या पायावर उभी राहिली असती.

बाबा शाळेत गणित शिकवत. तोंडावर नाही म्हणणे त्यांच्या जिवावर येई. त्यांनी पाटीवर एकापासून नवापर्यंत अंक ओळीने लिहिले, शेवटी पुन्हा एक ठेवला. १२३४५६७८९१. म्हणाले, "याले पुरा भाग जाईन असा आकडा काढून दाखव, मंग जाय. एक अन् हा सोता, हे दोन चालाचे नाहीत." आठवड्यात कंटाळेल, हा त्यांचा अंदाज.

आत्या कंटाळणाऱ्यातली नव्हती. "ज्याले तीननं भाग जात नाही, त्याले नऊनं काय जाईन?" असे म्हणत ती कितीतरी आकडे वाटेतच सोडून देई. बाकीचे मात्र एकेक करून पाहायची. आई विचारायची, "काहून डोकं फोडून राह्यल्या, बाई?"

"भिताडावर फोडण्यापरीस हे बरं," आत्या म्हणायची.

असे उन्हाळे गेले. पस्तीस हजारांच्या थोडे पुढे गेल्यावर एका दुपारी तिने कोळसा खाली ठेवला. "झालं, दादा. तुया आकड्याले भागच जात नाही. याच्याहून मोठ्यानं गेला, तर त्याचा जोडीदार लहान निघन. अन् लहान तर मी सारे पाह्यले."

बाबांनी सुटीभर बसून तपासले. ती बरोबर होती. अट कुणालाच पुरी करता आली नसती, आणि हे घालणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

"मंग दुसरा देतो," बाबा म्हणाले. त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

आत्याने पाटी हातात घेतली नाही. "आकडा नको देऊ. पाठवाचं नसन तर तसं तोंडानं सांग."

बाबा काहीच बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही. पुढची सगळी वर्षे आत्या त्या गप्प बसण्यातच अडकून राहिली. केस पिकले, भाकऱ्या चालू राहिल्या, भिंतीवर मात्र पुन्हा कोळसा उमटला नाही.

मग मी मोठी झाले. त्याच ट्रेनिंगला निघाले, ट्रंक मोटारीवर चढली. आयत्या वेळी बाबांनी सुरू केले, "पाहू, पुढच्या साली..."

आत्या आडवी आली. "पाहू नको म्हनू. जाय म्हन तिले."

बाबांनी मान हलवली.

"मान नको हालवू, दादा. बोल."

"जाय," बाबा म्हणाले. मला म्हणाले, रडली मात्र आत्या.