ओंकारच्या दहाव्याला

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते सुलभामावशींचे. गडहिंग्लजहून शिकायला मुंबईत आलो, तेव्हा लालबागच्या चाळीत त्यांच्या शेजारची खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी त्या दारात येऊन म्हणाल्या, "खानावळीत कित्याक जेवतंस? माझ्या घरात चूल नाय?" तेव्हापासून त्यांच्या ओंकारशेजारी माझे पान मांडले जाऊ लागले. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ती पदवी त्या जेवणावर झाली.

ओंकार गोलकीपर होता. महाराष्ट्राच्या संघात त्याची नुकतीच निवड झाली होती. लोअर परळच्या मैदानात आमच्याच मंडळाची स्पर्धा होती. लोखंडी गोलपोस्ट जमिनीत गाडलाच नव्हता, मागे विटा रचून उभा केला होता. मुलांनी तक्रार केली, तर मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते म्हणाले, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. खड्डे कोण खणत बसणार?" उंच चेंडू अडवताना ओंकारने आडव्या दांड्याला हात घातला आणि तो पोस्ट त्याच्या अंगावर कोसळला. मुलगा जागीच गेला.

हेच भाऊ घरी येऊन "देवाची इच्छा" म्हणाले. कोपऱ्यातून मावशींचा आवाज आला, "देवान खांब ढकलूक नाय." मला मात्र देवाचाही संताप आला होता. दर गुरुवारी ठाकूरद्वारला दत्ताच्या देवळात जात असे, ते मी बंद केले. जो एवढ्या गुणी पोराला वाचवत नाही, त्याच्यापुढे हात कशाला जोडायचे?

दहाव्याला दादरच्या चौपाटीवर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून होते, शिवेनात. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायची रीत आहे. मामा म्हणाले, "आईला सांभाळू रे." काही नाही. मित्र म्हणाले, "तुझी जर्सी कोणाला देणार नाय, ओम्या." तरी नाही. मग भाऊ पुढे झाले. "तुझ्या नावाने चषक ठेवतो. जंगी स्पर्धा, याच वर्षी!"

"त्याच विटांवर?" मी ओरडलो. "आधी खांब गाडा, भाऊ! ओंकार, खांब गाडल्याशिवाय मी एकाही पोराला मैदानात उतरू देणार नाही!"

गुरुजी मला आवरत होते, तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. तो नुसता भुकेला असेल. मी वाद घालत नाही. देवाला शरण जायचे म्हणजे गप्प बसायचे, असे मी समजत होतो. त्या दिवशी वाटले, देवाने माझा राग परत केला नाही, कामाला लावला.

मावशी नंतर मालवणला भावाकडे गेल्या. त्यांना मी लिहिले:

"मावशी, साष्टांग नमस्कार. भाऊ टाळत होते, पण मी आणि पोरं मंडळाच्या दारातून हललो नाही. शेवटी गेल्या आठवड्यात खड्डे खणून काँक्रीट भरलं. गुरुवारी दत्ताला जाऊन आलो. भांडण मिटलेलं नाही, पण बोलणं सुरू झालंय. आज सकाळी पोरांच्या आधी मीच दांड्याला लोंबकळलो, सगळं वजन टाकून. खांब तसूभरही हलला नाही. पोरं खालून हसत होती, 'दादा, उतर ना, मॅच सुरू करायचीय!' पाय जमिनीला टेकले, मावशी, पण खांब धरलेले हात सुटेनात."