कावळ्याचं पान

माझं काम सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग नाक मुरडतात. तारीख उलटून गेलेला खायचा माल मी नष्ट करतो. कंपन्यांचा, मॉलवाल्यांचा, डेअऱ्यांचा. श्रीखंडाचे डबे, फरसाण, बिस्किटं, काय वाट्टेल ते. सिन्नरच्या अलीकडे आमची शेड आहे, तिथं गाडी येते, पेट्या मोजतात, पाकिटं फाडतात, सगळं खड्ड्यात लोटतात आणि वरून फिनेल ओततात. फिनेल कशाला? तर नुसतं पुरलं की ते उकरून, नवी तारीख चिकटवून विकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. कंपनीचा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाईलवर शूटिंग करतो. ते मधे तुटायचं नाही आणि एक डबाही कमी दिसायचा नाही. मग मी सही-शिक्का मारून सर्टिफिकेट देतो. धंदा सरळ आहे, चोरी नाही, लबाडी नाही. हे मी अण्णांना शंभरदा सांगितलं असेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचवटीत आचारी होते. बाहेरगावची माणसं रामकुंडावर दहावं करायला येत, त्यांच्याकडच्या श्राद्धाचा स्वयंपाक अण्णांनी उभा जन्म केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी. पण पंगत कितीही भुकेजलेली असो, कावळ्याचं पान बाहेर ठेवल्याशिवाय त्यांनी कुणाला वाढलं नाही. यजमान घाई करायला लागला की म्हणायचे, आधी त्याचं, मग आपलं. इंदिरानगरला माझ्या फ्लॅटवर राहायला आले तेव्हाही दुपारी जेवायच्या आधी गॅलरीच्या कठड्यावर घास ठेवायचे. कावळे घाण करतात म्हणून खालच्या मजल्यावरची बाई भांडायला आली, तर तिलाच वाटीभर खीर देऊन परत पाठवली. नंतर ती खिरीसाठी वर यायला लागली.

पितृपंधरवड्यातली गोष्ट. अण्णा म्हणाले, मला तुझं काम बघायचंय. मला काय हौस वाटली! गाडीत पुढे बसवून नेलं. त्या दिवशी नेमका श्रीखंडाचा माल होता, तारीख उलटून तीन दिवस झालेला. अण्णांनी एका डब्याचं झाकण काढलं, वास घेतला, बोटभर जिभेला लावलं. आचाऱ्याची जीभ ती. म्हणाले, याला काही झालेलं नाही. मी म्हटलं, झालेलं नसेल, पण कायद्याने हे मेलं. ते एका क्रेटवर जाऊन बसले. पोरं डबे फोडत होती आणि ते एकेका डब्याकडे बघत होते.

मी फिनेलचा कॅन उचलला तसे ते उठले. तोच उघडलेला डबा घेतला आणि कुंपणाकडे निघाले. तिथं चार-पाच कावळे बसलेले होते. कंपनीच्या माणसाने लगेच शूटिंग थांबवलं. साहेब, एक डबा बाहेर चाललाय, म्हणाला, असं असेल तर मला वर कळवावं लागेल. माझं डोकंच फिरलं. धावत गेलो, अण्णांच्या हातातून डबा हिसकावला आणि खड्ड्यात फेकला.

"तुमचं अन्नदान तिकडे पंचवटीत करा," मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो. "इथं माझ्या पोटावर पाय देऊ नका."

श्रीखंडाने माखलेला हात अण्णांनी धोतराला पुसला. आयुष्यात त्यांनी धोतराला हात पुसलेला मी पाहिला नव्हता. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "एक घास बाजूला काढला असता तर काय बिघडलं असतं रे?" मी गाडी चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतला घास बंद झाला. मला तर कळलंही नाही, बायकोने सांगितलं. तिने त्यांना विचारलं होतं. जिथं खड्ड्याला आधी वाढतात तिथं कावळ्याला कुठल्या तोंडाने बोलावू, असं म्हणाले म्हणे. मी तिच्यावरच चिडलो. म्हातारपणी हट्ट वाढतो, म्हटलं, येतील ताळ्यावर. कसले येतात! आज माफी मागू, उद्या मागू, करता करता दोन वर्षं गेली. एका छताखाली राहून दोन शब्द बोलायला मला दोन वर्षं पुरली नाहीत. चैत्रात एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

नवव्या दिवशी शेडवरून फोन आला. दुधाच्या मालाची गाडी दोन दिवसांपासून उन्हात उभी होती, माझ्या सहीशिवाय कुणी हात लावेना, वास हायवेपर्यंत जात होता. सुतकात जायचं नसतं हे मला कळत होतं. दहाव्याचं सामान आणायला जातो असं घरी सांगून गेलो. निम्मी पोरं गावाला गेलेली, तेव्हा फिनेल मीच ओतलं. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

दहाव्याला रामकुंडावर मी स्वतः पिंड वळला. मांडून आम्ही लांब उभे राहिलो. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला कावळ्याने येताक्षणी चोच मारली. आमच्याकडे एक आला, पिंडाच्या अगदी जवळ टुणटुणत गेला, मान वाकडी केली आणि उडाला. पुन्हा आला, पुन्हा तसाच उडाला. आत्या म्हणाली, काहीतरी इच्छा राहिलीय माझ्या भावाची. बहिणीने हात जोडून सांगितलं, अण्णा, दादाला आम्ही अंतर देणार नाही. काका काहीबाही कबूल करत होते. बायको मात्र नुसती माझ्याकडे बघत होती.

मी पुढे झालो. सगळ्यांसमोर ओरडलो होतो, मग सगळ्यांसमोरच म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. यापुढे आधी एक घास काढीन."

कावळा कुंडाच्या कठड्यावरच बसून राहिला. ऊन चढलं. आमचे गुरुजी अण्णांच्या हातचं जेवलेले, त्यांचेही डोळे भरून आले. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्रात सोय आहे, मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. अण्णांनी दुसऱ्यांच्या कितीतरी बापांसाठी कावळ्याचं पान वाढलं, आणि त्यांच्या वाट्याला गवताचा कावळा आला.

मी कुंडात हात धुतले. बहीण म्हणाली, चल आता, सगळे थांबलेत. तोंड पुसायला मी ओला हात वर नेला आणि तसाच थांबलो. बोटांच्या भेगांतून फिनेलचा वास येत होता. याच हातांनी मी अण्णांचा पिंड वळला होता.