एकच जबाब, पाच वेळा

मोल्दोव्हातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात परास्कोविया सव्वीस वर्षं जबाब टाइप करत होती. चोऱ्या, बांधावरची भांडणं, दारूतल्या मारामाऱ्या. बोटं चालायची, मन घरी असायचं. विओरिका आली आणि ते बदललं.

पोरगी तेरा वर्षांची. आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, म्हणून ती मामीकडे राहायची. गावातल्या एका व्हॅनवाल्याने तिच्यावर अत्याचार केले, मग पैसे घेऊन तिला इतरांच्याही हवाली केलं. हे तिने हवालदाराला सांगितलं. मग तपास अधिकाऱ्याला, बालकल्याणच्या बाईंना, सरकारी वकिलाला. चौथ्या खेपेला तिच्या सांगण्यात व्हॅनवाल्याचं काळं जाकीट निळं झालं. तेवढ्यात तपास अधिकारी बदलला, नव्या अधिकाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. पोरगी भिंतीकडे बघत बसली.

‘जबाबांत विसंगती’ असा शेरा पडला, फाइल बंद. तो शेराही परास्कोवियानेच टाइप केला.

दोन वर्षांनी मंत्रालयाची समिती आली. मुलांच्या लैंगिक शोषणाचे खटले का टिकत नाहीत, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. ठाणेप्रमुख नेडेल्कूंनी चीज भरलेल्या गरम पोळ्या मांडल्या.

“मुलंच गोष्ट बदलतात हो,” ते म्हणाले. “आम्ही काय करणार?”

कागद ठेवायला आलेली परास्कोविया तिथेच थांबली.

“विचारणारी माणसं आपण बदलतो, साहेब.”

“पराशा, तू तुझं टाइपिंग बघ.”

“तेच बघतेय. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस पाच परक्या माणसांना सांगा, तोही दार उघडं ठेवून. जाकिटाचा रंग चुकला, की मी तुम्हाला खोटं ठरवते.”

नेडेल्कूंचा चेहरा लाल झाला. समितीतल्या बाईंनी पोळी खाली ठेवली आणि जाकिटाची ती फाइल मागवली.

वर्षभरात ठाण्यामागे एक खोली झाली. मुलाने तिथे एकदाच बोलायचं, प्रशिक्षित बाईशी. सगळं रेकॉर्ड होणार. नेडेल्कूंनी फीत कापली. परास्कोविया फोटोला थांबली नाही, ती विओरिकाच्या मामीच्या घरी गेली.

“आता कशाला, मावशी?” विओरिका म्हणाली. “तेव्हा कुणी ऐकलं?”

“नाही ऐकलं. मीही नुसती टाइप करत बसले.”

महिन्याने पोरगी त्या खोलीत आली. एकदाच बोलली. फाइल पुन्हा उघडली. व्हॅनवाल्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. पैसे देणारे सापडले नाहीत. ती आईकडे निघून गेली.

नेडेल्कूंना बढती मिळाली. निरोपाला सगळ्यांनी त्यांच्याशी हात मिळवला. परास्कोवियाने मिळवला नाही.